ओंडका पाण्यावर सोडण्याआधी

जुलैच्या अखेरीस कोयनेचे दरवाजे उचलल्याची बातमी आली, की सांगलीत आयर्विन पुलाच्या पट्टीकडे सगळ्यांच्या नजरा लागतात. चाळीस फूट म्हणजे इशारा, पंचेचाळीस फूट म्हणजे धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये याच पट्टीवर पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेलं होतं. नदीकाठी आयुष्य काढलेली माणसं मात्र पट्टीइतकंच लक्ष पाण्यावरून काय वाहत येतंय याकडे देतात. आधी केंदाळ येतं, मग पालापाचोळा, उसाची वाडी, काटक्या. त्यामागून मुळासकट उपटलेली बाभूळ, करंज, वाळुंज, एखादा उंबर. आलेलं झाड बघून वर कुठली मळी खचली असेल याचा अंदाज बांधला जातो.

यातलं काही लाकूड काठावर ओढलं जातं. दोराला लोखंडी आकडा बांधून तो भिरकावणं ही एक पद्धत. पट्टीचा पोहणारा असेल तर तो लाकडाच्या बराच वरच्या अंगाला पाण्यात उतरतो, धारेशी न झगडता तिरपा जातो, ओंडक्याला बगल देऊन त्याचं तोंड काठाकडे वळवतो आणि खाली अर्ध्या-पाऊण मैलावर, आधीच हेरून ठेवलेल्या संथ जागी बाहेर येतो. काम जिवावरचं आहे. पुरात कुणी ते करू नये, असं प्रशासन दरवर्षी सांगतं आणि ते योग्यच आहे. तरीही या कामात जे शहाणपण लागतं, ते जगभर डोंगरातलं लाकूड नद्यांवरून बाजारात नेणाऱ्या माणसांचंच शहाणपण आहे: धार कुठे जाते, भोवरा कुठे फिरतो, लाकूड कुठे आपोआप लागतं.

‘वाटा’ हा या अंकाचा विषय. लाकडाची पाण्यातली वाट शोधायची, तर सातारा-सांगलीचा काठ हा सुरुवात करायला चांगला आहे. इथे उगमाशी घनदाट जंगल आहे, मध्ये मोठी नदी आहे आणि खाली लाकूड हवं असलेली गावं आहेत. एवढं असूनही इथल्या वाड्यांचं लाकूड बैलांनी ओढलं. पाण्याला लाकूड वाहायला लावायचं, तर काय काय जुळून यावं लागतं, ते इथेच नीट कळतं.

पुरात आलेलं लाकूड कुणाचं?

काठावर ओढलेला ओंडका ज्याच्या हाती लागला त्याचा, असा गावोगावचा समज आहे. कायदा वेगळं सांगतो. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमातलं आठवं प्रकरण वाहून आलेल्या आणि काठाला लागलेल्या इमारती लाकडासाठीच आहे. त्यातलं ४५ वं कलम म्हणतं, की वाहतं सापडलेलं, काठाला लागलेलं, रुतलेलं किंवा बुडालेलं लाकूड, ज्यावरची खूण नोंदलेली नाही असं लाकूड, ज्यावरची खूण आगीनं किंवा दुसऱ्या कशानं पुसली किंवा बदलली आहे असं लाकूड, हे सगळं कुणी आपला हक्क सिद्ध करेपर्यंत सरकारचं मानलं जाईल. शासन ठरवेल त्या भागात खूणच नसलेलं लाकूडही यात येतं. असं लाकूड गोळा करून वन खात्यानं नोटीस काढायची, हक्क सांगायला किमान दोन महिने द्यायचे. हक्क मान्य झाला, तरी लाकूड बाहेर काढण्याचा आणि आणण्याचा खर्च मालकानं भरल्याशिवाय ते ताब्यात मिळत नाही. याआधी ४१ व्या कलमात लाकूड तरंगवण्याच्या बाबतीत सर्व नद्या आणि त्यांचे काठ यांवरचं नियंत्रण राज्य शासनाकडे दिलेलं आहे.

ही कलमं १८७८ च्या वन कायद्यातून पुढे आलेली आहेत आणि बारकाईनं वाचली तर त्यांत एक अख्खा धंदा दिसतो. खूण का? कारण एकाच नदीवर अनेक व्यापाऱ्यांचे ओंडके एकाच वेळी सुटे वाहत असत आणि दीडशे-दोनशे मैल खाली ते वेगळे करायचे, तर प्रत्येकावर मालकाच्या हातोड्याचा ठसा हवा. खूण पुसली जाण्याची भीती का? कारण मधल्या गावात ओंडका काढून घ्यायचा, ठसा जाळायचा किंवा तासायचा आणि आपला ठोकायचा, ही चोरीची सोपी रीत होती. बुडालेल्या लाकडाचा उल्लेख का? कारण बरंच लाकूड वाटेत बुडत असे आणि पुढच्या वर्षीच्या पुरात पुन्हा वर येत असे.

लाकडाच्या दोन्ही टोकांवर हातोड्यानं शिक्का मारण्याची पद्धत वन खात्यात आजही आहे. कुठल्याही आगारात रचलेल्या ओंडक्यांच्या कापलेल्या तोंडावर तो बघायला मिळतो. ओंडका आता ट्रकमधून जातो, पण त्याची ओळख पटवायची रीत नदीच्या काळातली आहे.

जड लाकूड, अवखळ पाणी

कोयना महाबळेश्वरला उगम पावते आणि सुमारे पासष्ट किलोमीटर सरळ दक्षिणेला जाते. दोन्ही बाजूंना सह्याद्रीच्या रांगा, मध्ये अरुंद खोरं. हेळवाकजवळ ती पूर्वेला वळते आणि कराडला कृष्णेला मिळते. नकाशावर बघितलं, तर लाकूड वाहून न्यायला याहून सोयीची नदी सापडणार नाही असं वाटतं. खोऱ्यात वावरताना अडचणी एकेक करून समोर येतात.

पहिली अडचण झाडांचीच. माथ्यावरचं जंगल जांभूळ, हिरडा, अंजनी यांचं. खाली उतरताना ऐन, किंजळ, नाणा, मधूनच साग. यातली बरीच लाकडं दणकट आणि जड आहेत. पाण्याचं वजन घनमीटरला हजार किलो. ताज्या तोडलेल्या ऐनाच्या लाकडात ओल इतकी असते, की ते पाण्यात सोडलं तर तळाला जातं. अंजनीचं लाकूड तर वाळल्यावरही वजनदार असतं. साग वाळल्यावर घनमीटरला साडेसहाशे किलोच्या आसपास भरतो आणि मजेत तरंगतो, पण हिरवा साग तरंगेल याचा भरवसा नसतो.

दुसरी अडचण पाण्याची. महाबळेश्वर आणि नवजा इथे वर्षाला पाच हजार मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस पडतो. सांगलीत तो सहाशेच्या आसपास. वरचा सगळा पाऊस चार महिन्यांत कोसळतो आणि काळ्या कातळावरून धावत सुटतो. त्या पाण्यात सुटा ओंडका सोडला, तर तो मळीच्या उसात, पुलाच्या कमानीत किंवा थेट विजापूरकडे गेलेला असतो. दिवाळीनंतर नदी शांत होते. धरणं होण्याआधीच्या काळात उन्हाळ्याकडे ती डोहांची माळ होऊन बसे: एक डोह, मग माणूस चालत पार करेल असा उतार, मग पुढचा डोह. उतारावर लाकूड टेकतं. म्हणजे एका हंगामात पाणी आवरत नाही आणि दुसऱ्या हंगामात पुरत नाही. मधल्या थोड्या आठवड्यांत लाकूड हलवायचं, तर त्याची सगळी तयारी आधीच झालेली हवी.

तिसरी अडचण वाटेतली. कराडच्या प्रीतिसंगमावर कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन भिडतात आणि मग एकत्र पूर्वेला वळतात. यशवंतराव चव्हाणांच्या समाधीजवळ उभं राहून पावसाळ्यात पाणी पाहिलं, की दोन प्रवाह एकमेकांना कसे अडवतात आणि मध्ये पाणी कसं गरगरतं ते दिसतं. वाहतं लाकूड अशा जागी गोल फिरत राहतं, एकमेकांत अडकतं आणि त्याचा ढीग होतो. जवळच खोडशीचा बंधारा आहे. एकोणिसाव्या शतकात कृष्णा कालव्यासाठी तो बांधला गेला. शेताला पाणी देण्यासाठी नदी आडवी बांधली, की तीच नदी ओंडक्यांसाठी मोकळी राहत नाही. पुढच्या काळात कृष्णेनं शेतीची वाट धरली आणि आज काठावर दिसणारा ऊस हा त्याच निवडीचा परिणाम आहे.

कोयनेचं तर पाणीच वळलं. १९५४ ते १९६४ या काळात धरण उभं राहिलं आणि शिवसागर जलाशय झाला. आज त्याची साठवण शंभराहून अधिक टीएमसी आहे. वर्षाला ६७.५ टीएमसीपर्यंत पाणी वीजनिर्मितीसाठी डोंगराखालून पश्चिमेला, वाशिष्ठीच्या खोऱ्यात जातं. बामणोली-तापोळ्याला जिथे आता लाँच फिरतात, तिथे तळाशी जुनी गावं आहेत. उन्हाळ्यात पाणी उतरलं की त्यांच्या खुणा उघड्या पडतात.

आधी झाड वाळवायचं

लाकूड पाण्यावर सोडण्याचं काम खरं तर पाण्यापासून फार लांब, जंगलात सुरू होतं. ब्रह्मदेशातली रीत याचं सर्वांत स्पष्ट उदाहरण. तोडायचा साग आधी निवडायचा. मग त्याच्या बुंध्याभोवती सालीचा आणि तिच्या आतल्या कोवळ्या लाकडाचा पट्टा गाभ्यापर्यंत कापून काढायचा. मुळांकडून वर जाणारं पाणी थांबतं आणि झाड उभ्या उभ्या मरतं. ते तसंच दोन-तीन वर्षं ठेवायचं. वारा आणि ऊन त्यातली ओल काढून घेतात. मगच कुऱ्हाड लागते. पट्टा काढला नाही, तर तोडलेला साग नदीत बुडतो आणि सगळी मेहनत वाया जाते.

पुढचं काम हत्तींचं. ओंडक्याच्या टोकाला आरपार भोक पाडून त्यातून साखळी ओवायची आणि हत्तीनं तो ओढ्याच्या कोरड्या पात्रात नेऊन ठेवायचा. पावसाचा पहिला मोठा लोंढा आला, की ओढ्यातून ओंडके सुटे वाहत मोठ्या नदीपर्यंत येतात. काही अडतात, त्यांना हत्ती सोंडेनं आणि कपाळानं ढकलून मोकळं करतात. काहींना दोन-तीन पावसाळे वाट बघावी लागते. मोठी नदी लागली की ओंडके एकत्र बांधून तराफे करायचे. ओढताना पाडलेलं भोक इथे पुन्हा कामाला येतं. तराफ्यावर झोपडी असते, चूल असते आणि मौलमीन किंवा रंगून येईपर्यंत माणसं त्यावरच राहतात. झाडाला पट्टा मारल्यापासून ओंडका वखारीत लागेपर्यंत पाच-सहा वर्षं सहज जात. व्यापाऱ्याचं भांडवल तेवढा काळ अडकून पडलेलं असे, म्हणून या धंद्यात छोटा माणूस टिकला नाही.

हिमालयात देवदारामुळे गणित वेगळं होतं. देवदार हलका, चांगला तरंगणारा. १८५३ मध्ये मुंबई-ठाणे रेल्वे सुरू झाली आणि पुढच्या काही वर्षांत रुळांखाली घालायच्या लाकडी स्लीपरांची मागणी भडकली. भागीरथीच्या काठी हर्सिल इथे राहणाऱ्या फ्रेडरिक विल्सन या इंग्रजानं टिहरीच्या राजाकडून जंगलाचा ठेका घेतला आणि देवदार भागीरथीत सोडून हरिद्वारकडे नेला. लोक त्याला पहाडी विल्सन म्हणत. झेलम, चिनाब, रावी, सतलज, यमुना या नद्यांवरही असंच काम चाले. डोंगरउतारावर लाकडाची पन्हाळ बांधायची, तीत पाणी सोडायचं आणि कापलेले स्लीपर त्यातून घसरत नदीपर्यंत आणायचे. नदीत ते सुटे जात. मागून माणसांची टोळी काठाकाठानं येई, खडकाला अडकलेला माल मोकळा करी. सतलज-बियासवर ही माणसं फुगवलेल्या म्हशीच्या कातड्यावर पालथी पडून, हातपाय मारत पाण्यात जात. मैदानात नदी संथ झाली, की आडव्या तरंगत्या ओंडक्यांची साखळी बांधून सगळा माल अडवायचा, ठसे बघून वेगळा करायचा आणि तराफे बांधून पुढे पाठवायचे.

जड लाकडासाठी आणखी एक युक्ती सर्वत्र वापरली गेली. बांबूच्या जुड्या किंवा हलकी लाकडं दोन्ही बाजूंना बांधून जड ओंडका मधोमध तरंगत ठेवायचा. कृष्णाकाठी वाळलेल्या भोपळ्यांच्या सांगडीवर माणसं नदी पार करत, तेव्हा हेच तत्त्व कामी येई. गुळाची काहील पुरात होडी म्हणून वापरणाऱ्या सांगली-कोल्हापूरच्या शेतकऱ्यालाही ते ठाऊक आहे.

काळी आणि प्राणहिता

मराठी मुलखाच्या दोन टोकांना मात्र सागाला नदीची वाट मिळाली.

दक्षिणेला काळी नदी. जोयडा-सुपे भागात ती उगम पावते, दांडेलीच्या सागवनातून वाहते, घाट फोडून खाली कद्र्याला येते आणि सदाशिवगडापाशी, कारवारला समुद्राला मिळते. दांडेलीचा साग एकोणिसाव्या शतकात नावाजलेला होता. १८५६ मध्ये मद्रास इलाख्याचे वनसंरक्षक झालेले ह्यू क्लेगहॉर्न यांच्या लिखाणात या जंगलांचं आणि तिथल्या लाकडाचं वर्णन आहे. तेव्हा उत्तर कानडा मद्रासकडे होता, १८६२ मध्ये तो मुंबई इलाख्यात आला. इथे वरचा भाग पठारी, मधला भाग धबधब्यांचा आणि खालचा भाग खाडीचा. कद्र्यापासून खाली पाणी संथ होतं, भरती-ओहोटी जाणवते आणि ओंडक्यांना बंदराची वाट सरळ मिळते. कोयनेला नेमकं हेच नव्हतं. ज्या उतारावरून पाणी समुद्राकडे जातं, तो घाटाच्या पलीकडे होता. कोयना-कृष्णेचं पाणी मात्र अख्खं दख्खन ओलांडून बंगालच्या उपसागराला जातं.

पूर्वेला गडचिरोली. वर्धा आणि वैनगंगा चपराळ्याजवळ एकत्र येतात आणि प्राणहिता होते. अहेरी-आलापल्लीच्या जंगलांना लगटून ती सिरोंच्याजवळ गोदावरीला मिळते. या जंगलांतला साग प्राणहिता आणि गोदावरीवरून राजमहेंद्रीकडे जात असे. पात्र रुंद, उतार कमी, पाणी जास्त दिवस टिकणारं. म्हणून इथे तराफे चालले. पण इथेही तीन ठिकाणी पात्रात खडकांचे मोठे अडथळे होते. धवलेश्वरमचं धरण १८५२ मध्ये पुरं करणाऱ्या सर आर्थर कॉटन यांची इच्छा होती, की गोदावरी विदर्भापर्यंत नौकावहनाला खुली व्हावी. अडथळ्यांच्या बाजूनं कालवे आणि जलपाश काढण्याचं काम सुरू झालं, त्यावर बराच पैसा खर्च झाला आणि १८७१ मध्ये ते सोडून दिलं गेलं. तोवर रेल्वे नागपूरला पोचली होती.

आलापल्लीचा साग आजही देशभर जातो. २०२३ मध्ये अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातलं सागवान पाठवलं गेलं, तेव्हा ते मिरवणुकीनं, ट्रेलरवरून गेलं.

या दोन्ही ठिकाणांवरून एक गोष्ट लख्ख दिसते. कुठलं जंगल आधी तुटणार, हे बरेचदा झाडाच्या प्रतीपेक्षा जवळच्या नदीवर ठरत असे. केरळात निलंबूरला १८४० च्या दशकात कलेक्टर कोनोली यांनी सागाची लागवड सुरू केली, ती नैसर्गिक साग संपत आल्यामुळे. आणि लागवडीसाठी जागा निवडली ती चालियार नदीच्या काठी, म्हणजे झाड मोठं झालं की ते नदीनं बेपूर-कल्लाईकडे नेता यावं. मुंबईच्या गोदीत वाडियांनी बांधलेल्या जहाजांना याच मलबारी सागानं आकार दिला. १८१७ मध्ये मुंबईत पाण्यात उतरलेलं ‘त्रिंकोमाली’ हे सागाचं जहाज अजून तरंगतंय. इंग्लंडमध्ये हार्टलपूलला ते जपून ठेवलेलं आहे.

ओंडक्यांच्या मोजणीवरून गेलेलं राज्य

कोयनेचं पाणी बोगद्यातून ज्या बाजूला उतरतं, त्याच बाजूला, रत्नागिरीत, समुद्राकडे तोंड करून थिबा राजवाडा उभा आहे. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा १८८६ मध्ये कैदी म्हणून रत्नागिरीला आणला गेला. वाडा १९१० मध्ये बांधून झाला आणि १९१६ मध्ये राजा तिथेच वारला.

राजा इथे पोचण्यामागे नदीवरचे ओंडके होते. १८६३ मध्ये मुंबईत स्थापन झालेली बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन वरच्या ब्रह्मदेशातला साग तोडून नदीवाटे खाली नेत असे आणि राजाला ओंडक्यांच्या संख्येवर पैसे देत असे. कंपनीनं जेवढे ओंडके नेले त्यापेक्षा कमी दाखवले, असा ठपका १८८५ मध्ये राजदरबारानं ठेवला आणि सुमारे २३ लाख रुपयांचा दंड केला. इंग्रज सरकारनं हा वाद निमित्त म्हणून पुढे केला, आरमार इरावतीवरून मंडालेला गेलं आणि काही आठवड्यांत राज्य संपलं. त्यामागे इतरही कारणं होती, फ्रेंचांची भीती त्यांत मोठी होती. पण पाण्यावरून सुट्या जाणाऱ्या मालाची मोजणी कोण करणार, या प्रश्नात किती ताकद होती, हे यातून समजतं. वन कायद्यातली खुणांची आणि वाहत्या लाकडाची कलमं इतकी कडक का आहेत, त्याचंही उत्तर इथे सापडतं.

या युद्धानंतर ब्रह्मदेशाचा साग मुंबईच्या दारूखान्यात आणखी सहज येऊ लागला. सांगली-मिरजेच्या जुन्या वखारीत चौकशी केली, की आजही चांगल्या सागासाठी ‘बर्मा’ हा शब्द ऐकू येतो. ते लाकूड हत्तीनं ओढलेलं, नदीत वाहिलेलं आणि समुद्रावरून आलेलं असे. रेल्वेचा किंवा बैलगाडीचा टप्पा अगदी शेवटचा.

वाड्यांचं लाकूड

वाईजवळ मेणवलीला कृष्णेच्या काठावर नाना फडणवीसांचा वाडा आहे. घाट, मंदिरं, वसईच्या विजयानंतर आलेली प्रचंड घंटा आणि आत सागवानी खांब, तुळया, कोरलेली दारं, भिंतीवरची चित्रं. साताऱ्याच्या राजवाड्यातही लाकूडकाम असंच भरभक्कम. कृष्णेच्या खोऱ्यातल्या या इमारतींचं लाकूड मुख्यतः जमिनीवरून आलं.

त्याचीही एक पद्धत होती. तोडलेला ओंडका जंगलातून बैलांच्या किंवा रेड्यांच्या जोड्यांनी ओढत गाडीरस्त्यापर्यंत आणायचा. मोठी तुळई असेल, तर ती गाडीवर चढवण्याऐवजी दोन उंच चाकांच्या आसाखाली साखळीनं टांगायची, मागचं टोक जमिनीला घासत ठेवायचं. उतारावर तेच टोक ब्रेकचं काम करतं. पावसाळ्यात गाडीरस्ते चिखलात जातात, म्हणून हा सगळा उद्योग दिवाळीपासून होळीपर्यंतचा. जिथे नदीवर लाकूड वाहतं तिथे पाऊस हा कामाचा हंगाम असतो. साताऱ्यात पाऊस ही कामाची सुट्टी होती. डोंगरातल्या माणसाजवळ जड लाकूड हलकं करण्याचा दुसरा उपाय होता तो कोळशाचा. लाकूड जागेवरच भट्टीत जाळायचं आणि पोत्यात भरून खाली न्यायचं. उभा वृक्ष बाजारात नेणं परवडत नसलं, की त्याचं जळण किंवा कोळसा होतो. डोंगरातलं जंगल असंही संपतं.

पाण्याची वाट साताऱ्याला होती, पण ती घाटाखाली होती. मुंबईचा माल गलबतांनी वाशिष्ठीतून चिपळूणजवळच्या गोवळकोट बंदरात उतरे आणि कुंभार्ली घाट चढून कराडच्या बाजारात येई. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत सदर्न मराठा रेल्वे मिरजेवरून गेली आणि या घाटवाटेचं महत्त्व उतरलं.

लाकडाच्या टंचाईची जाणीव मराठी राज्यकर्त्यांना फार आधीपासून होती. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारासाठी लाकूड कसं मिळवावं याचे नियम आहेत. सागासारखं लाकूड हुजुराच्या परवानगीनं तोडावं, कमी पडेल ते बाहेरून विकत आणावं, आंबा-फणसाला मात्र हात लावू नये, कारण रयतेनं ती झाडं लेकरांसारखी वाढवलेली असतात. एखादं झाड अगदीच जुनं झालं असेल, तर मालकाला राजी करून, पैसे देऊन घ्यावं. झाड उभं राहायला किती वर्षं लागतात आणि ते कुणाचं आहे, हे दोन प्रश्न त्या कागदात आधी येतात आणि कुऱ्हाड नंतर. नदीनं लाकूड स्वस्तात नेता येऊ लागल्यावर हिमालयात आणि मलबारात हा क्रम उलटा झाला.

बंधाऱ्याला अडकलेलं

ओंडक्यांची नदीवरची वाहतूक आता जवळपास सगळीकडे थांबली आहे. धरणं झाली, रस्ते झाले, काही देशांनी मासे आणि पात्र वाचवण्यासाठी ती बंद केली. २०२२ मध्ये युनेस्कोनं ऑस्ट्रिया, चेकिया, जर्मनी, लाटविया, पोलंड आणि स्पेन या देशांतल्या तराफेवाल्यांची विद्या मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतली. तिथे आता सणाला तराफे बांधतात आणि तरुणांना गाठी शिकवतात.

समुद्रावरची वाट मात्र चालूच आहे. सांगलीतल्या वखारीत आज जो साग मिळतो, त्यातला बराच घाना, इक्वेडोर अशा देशांत लागवडीवर वाढलेला, कंटेनरमधून आलेला असतो. न्यूझीलंडचा पाइन कांडल्याला उतरतो आणि ट्रकनं देशभर जातो. नव्या घराच्या चौकटीसाठी लाकूड घेणाऱ्याला ते सह्याद्रीपेक्षा फार लांबून आलेलं आहे हे सहसा माहीत नसतं.

कृष्णेत लाकूड अजून येतं, ते पुराबरोबर. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनंतर पुलांच्या खांबांना आणि बंधाऱ्यांना झाडांचे सांगाडे मिठी मारून बसलेले जिल्ह्यानं पाहिले. म्हैसाळ, राजापूर अशा कोल्हापुरी पद्धतीच्या बंधाऱ्यांत पावसाळ्याआधी बर्गे काढून पाण्याला वाट मोकळी करतात. त्या गाळ्यांत एक मोठं झाड आडवं बसलं, की त्यावर केंदाळ, उसाची पाचट, प्लॅस्टिक अडकत जातं आणि वरच्या बाजूला फुगवटा वाढतो. ओढ्यांवरच्या छोट्या पुलांचं तर यानं तोंडच बंद होतं. लाकूड व्यापाऱ्यांना जो धोका दीडशे वर्षांपूर्वी हिमालयात छळत होता, तोच हा: अडकलेला पहिला ओंडका वेळेवर काढला नाही, तर मागून येणारं सगळं तिथेच साचतं. फरक इतकाच, की तेव्हा नुकसान मालाचं होत असे, आता ते घरांचं आणि पिकांचं होतं.

यावर करण्यासारखं काम अवघड नाही. मळ्यांच्या कडेला उभी असलेली, मुळं उघडी पडलेली झाडं कुठे आहेत, हे गावाला ठाऊक असतं. त्यांतलं कुठलं ठेवायचं, कुठल्याच्या बुडाशी भराव घालायचा आणि कुठलं पुढच्या पुरात नक्की जाणार, याची यादी ग्रामपंचायत करू शकते. बंधाऱ्यापाशी अडकलेलं लाकूड बाहेर काढायला पाटबंधारे विभागाला नावाडी लागतात. होड्यांच्या शर्यती खेळणारे आणि पिढ्यान्‌पिढ्या नाव वल्हवणारे लोक सांगली, हरिपूर, औदुंबर, भिलवडीच्या काठावर आहेत. भोवरा कुठे पडतो आणि लाकूड कुठे आपोआप काठाला लागतं, हे त्यांच्याकडून लिहून घेतलं, तर ती माहिती आपत्ती व्यवस्थापनाच्या नकाशावर घालता येईल. काढलेल्या लाकडाचं काय करायचं, याची तरतूद कायद्यात आहेच: नोंद, नोटीस, दोन महिने आणि मग विल्हेवाट. ती प्रक्रिया तालुक्याच्या पातळीवर सोपी केली, जळणाजोगं लाकूड काठावरच्या कुटुंबांना रीतसर देता आलं, तर पुराच्या धारेत आकडा घेऊन उतरण्याचं कारणही कमी होईल.

हे काम पुरात करता येत नाही. ऑक्टोबरात पाणी उतरतं, मळ्या वाळतात, खांबांना अडकलेलं सगळं उघडं पडतं. तिथपासून पुढच्या जूनपर्यंत साताऱ्यापासून सांगलीपर्यंतच्या काठाला आठ महिने मिळतात.